सर्टिफिकेटं राहू द्या, आधी लॅबची चाबी द्या

नागपूर शहर आणि आसपासच्या इंजिनीअरिंग, पॉलिटेक्निक, बीसीए, बीएस्सी कॉलेजांतल्या ट्रेनिंग अँड प्लेसमेंट विभागाच्या सर्व सर-मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात शनिवारी माझा भाचा कॉलेज सुटल्यावर थेट माझ्याकडे आला. उमरेडहून रोज एसटीनं अपडाऊन करतो, तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं नाही तरी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आपलंच वाटणार आहे. चहा घेता घेता त्यानं दप्तरातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि म्हणाला, "मावशी, यातले दोन घ्यायचे आहेत. कोणते घेऊ सांग नं. सोमवारी लास्ट डेट आहे."

कागद म्हणजे तुमच्या विभागाची नोटीस. पाच नावं होती: क्लाउड, सायबर सिक्युरिटी, एआय, डेटा सायन्स, नेटवर्किंग. प्रत्येकापुढे ९ हजार रुपये. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की कोणतेही दोन अनिवार्य, त्यावर इंटर्नलचे २० गुण, भरलेली फी परत मिळणार नाही. परीक्षा कोण घेणार, पेपरचा कोड काय, सर्टिफिकेट किती वर्षं चालतं, ते कोणत्या कामाच्या नोकरीला लागतं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं. 'इंटरनॅशनल सर्टिफिकेशन' हे शब्द मात्र ठळक टायपात तीन वेळा होते.

मी विचारलं, "तुला करायचं काय आहे?"

"आयटी."

"अरे, पण आयटीत काय?"

तो थोडा वेळ बिस्किटाकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाकीचे पोट्टे सिक्युरिटी घेऊन राहिले."

त्या बिस्किटाकडे बघण्यामुळे हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. १७ वर्षं मी नेटवर्क आणि सर्व्हरच्या कामात आहे. सुरुवात नागपुरात केली, मधली काही वर्षं पुण्यात काढली, आता पुन्हा इथेच. गेली ८-९ वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखतीही घेते, त्यामुळे तुम्ही पाठवलेली मुलं टेबलाच्या पलीकडे माझ्यासमोर येऊन बसतात. पत्र तक्रारीचंच आहे, पण तक्रारीची सुरुवात स्वतःपासून करते.

२००८ साली मी बीएस्सी झाले आणि सीताबर्डीवरच्या एका क्लासात नाव घातलं. 'एमसीएसई प्लस सीसीएनए कॉम्बो', म्हणजे मायक्रोसॉफ्टची सर्व्हरची आणि सिस्कोची नेटवर्कची परीक्षा एकत्र, फी ३८ हजार. बाबांनी पीएफमधून काढून दिले. आम्ही वीस जण होतो आणि राउटर एक. तोही काचेच्या कपाटात, शोकेसमधल्या बाहुलीसारखा. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा सरांनी एकेकाच्या पेनड्राइव्हवर एक पीडीएफ टाकून दिली. सीसीएनएचा तेव्हाचा पेपर ६४०-८०२. प्रश्न पाठ केले, उत्तरं पाठ केली, आकृतीतल्या राउटरांचे आयपी अ‍ॅड्रेससुद्धा (नेटवर्कवरचे त्यांचे पत्ते) पाठ केले. आकृती वाचता येत नव्हती, पण कोणत्या आकृतीला 'सी' पर्याय लावायचा ते झोपेतही सांगितलं असतं. पास झाले. घरी संत्रा बर्फी आली. बाबांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून टीव्हीच्या वर ठेवलं.

महिनाभरानं धंतोलीतल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले. डॉक्टरांची, सीएंची ऑफिसं, दोन-चार पतसंस्था, अशांची नेटवर्कं सांभाळायचं त्यांचं काम. मालकांनी बायोडेटा बाजूला ठेवला. टेबलावर एक नेटवर्कचा स्विच (बरेच कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा डबा), एक लॅपटॉप आणि एक निळी चपटी वायर मांडली. म्हणाले, "शिरा आत." वायरच्या एका टोकाला लॅन केबलसारखा जॅक, दुसऱ्या टोकाला नऊ भोकांचं रुंद कनेक्टर. जॅक लॅपटॉपच्या लॅन पोर्टमध्ये मस्त बसला, टक् असा आवाजही आला. दुसरं टोक माझ्या हातातच राहिलं. स्विचवर ते बसेल असं एकही भोक नव्हतं. मी स्विच उचलून मागून पाहिला, खालून पाहिला.

मालक हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ड्रॉवरमधून त्यांनी यूएसबीचा कन्व्हर्टर काढला, रुंद टोक त्यात लावलं, जॅक लॅपटॉपमधून काढून स्विचच्या 'कन्सोल' लिहिलेल्या पोर्टमध्ये घातला, स्विचशी बोलायचं हायपरटर्मिनल उघडलं, स्पीड ९६०० टाकला आणि मला म्हणाले, "एंटर दाब." काळ्या पडद्यावर स्विचचं नाव उमटलं. ज्या यंत्राची मी कागदोपत्री जाणकार होते त्याची आणि माझी ही पहिली भेट.

नोकरी दिली त्यांनी. साडेसहा हजार पगार आणि काम केबलला टोकं मारायचं. सहा महिने तेच केलं. केबलमधल्या तारांचा क्रम ठरलेला: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आमचे सीनियर दादा म्हणायचे, "नागपूरची पोरगी आहेस, संत्र्यापासून सुरू कर, चुकत नाहीस." टीव्हीवरचं ते सर्टिफिकेट तीन वर्षांनी कधी संपलं ते घरात कुणाला कळलंही नाही. पुढे २०१५ मध्ये मी तोच सीसीएनए नीट अभ्यास करून, जुन्या बाजारातून आणलेल्या दोन स्विचवर हात घासून पुन्हा दिला. तेव्हा बर्फी वगैरे काही आली नाही.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे तसे क्लास अजून आहेत, आणि आता त्यातले काही एमओयू करून तुमच्या कॉलेजच्या आतच आले आहेत. डम्पची, म्हणजे खऱ्या पेपरातून चोरलेल्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ पेनड्राइव्हऐवजी टेलिग्रामवर येते, फरक एवढाच. परीक्षा सुरू होण्याआधी पडद्यावर जो करार येतो आणि मुलं न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतात, त्यात प्रश्न बाहेर न्यायचे नाहीत आणि चोरीचे प्रश्न वापरायचे नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. पकडलं गेलं तर निकाल रद्द होतो, पुढच्या परीक्षांना बंदीही येते. मी पकडले गेले नाही. त्याचा अभिमान नाही.

आता तुमची बाजू. सर्टिफिकेट म्हणजे निव्वळ धंदा, असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे. भंडाऱ्याच्या किंवा गडचिरोलीच्या कॉलेजातून बीसीए झालेल्या मुलीचा बायोडेटा आणि मोठ्या नावाच्या कॉलेजातल्या मुलाचा बायोडेटा एकाच ढिगात पडतो, तेव्हा एचआरची पोरगी शब्द शोधून चाळते. 'सीसीएनए' किंवा 'आरएचसीएसए' (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची परीक्षा) हा शब्द असला की ढिगातून कागद वर येतो. ज्याच्यामागे कॉलेजचं नाव नाही, ओळख नाही, त्याला हा एक शब्द दारापर्यंत नेतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कंपन्यांना सर्टिफिकेटं हवीच असतात, आणि त्याचं एक कारण आहे जे मुलांना कुणी सांगत नाही. सिस्को, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉनची एडब्ल्यूएस यांच्या पार्टनर म्हणून काम करणाऱ्या कंपन्यांना आपला दर्जा टिकवायला अमुक इतके सर्टिफाइड लोक पटावर दाखवावे लागतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी नोकरी लागल्यावर परीक्षेची फी कंपनीच देते, पास झालात की परत करते. म्हणजे जी फी वर्षभरानं कंपनीच्या खिशातून गेली असती, ती आज तुम्ही उमरेडमध्ये मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या गल्ल्यातून काढताय. आमच्या भाऊजींचं दुकान आहे म्हणून सांगते. १८ हजार म्हणजे त्या दुकानाचा बराचसा महिना.

भाच्याला मी एकच काम दिलं. "सोमवारी जा आणि विचार, या परीक्षेचा कोड काय." उत्तर आलं, "कोड नसतो. आमचंच असेसमेंट असतं." म्हणजे ३० तासांचा कोर्स, शेवटी कोर्स विकणाऱ्याच कंपनीची चाचणी आणि त्याच कंपनीचा कागद. यात बेकायदेशीर काही नाही. कोर्स पूर्ण केल्याचं ते सर्टिफिकेट. पण परीक्षा वेगळी. परीक्षेला कोड असतो, छापील अभ्यासक्रम असतो, कोण बसलाय ते ओळखपत्र पाहून तपासतात, आणि निकालाला एक क्रमांक असतो जो टाकून मी माझ्या ऑफिसात बसून तो खरा आहे की नाही ते बघू शकते. नोटीसमध्ये या दोन गोष्टी एकाच नावानं विकल्या जात होत्या. मुलाखतीत मी कोड विचारते आणि मुलगा बावचळतो. तेव्हा चूक त्याची नसते, पण नापास तोच होतो.

हे तुम्ही का करता, तेही मला कळतं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या पहिल्याच निकषात कॉलेजनं किती अ‍ॅड-ऑन, सर्टिफिकेट कोर्स चालवले आणि किती टक्के मुलं त्यात होती, हे विचारलं जात आलंय. फाइल भरावी लागते. प्राचार्य आकडा मागतात, दोन-तीन माणसांचा तुमचा विभाग, आणि पायरीवर कुणीतरी तयार पॅकेज घेऊन उभा असतो. मी तुमच्या खुर्चीत असते तर कदाचित मीही सही केली असती. पण आकडाच हवा असेल तर तो स्वस्तात भरता येतो. एनपीटीईएल आहे. आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांचे कोर्स, शिकायला फुकट. परीक्षा द्यायची असेल तर १ हजार रुपये आणि केंद्रावर जाऊन बसायचं. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण. एनपीटीईएलचा कागद पाहून कुणी नोकरी देत नाही, पण त्यावरचे गुण मुलानं स्वतः बसून मिळवलेले असतात, एवढं मी धरून चालते. ९ हजारांच्या त्या कागदाबद्दल तसं धरता येत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. माझ्यासमोर येणारे बायोडेटा बघितले तर काही कॉलेजं तिसऱ्या सेमिस्टरलाच मुलांना खऱ्या, कोडवाल्या परीक्षा द्यायला लावतात. हिशोब करून बघा. सिस्कोचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. एडब्ल्यूएसचं तीन, रेड हॅटचंही तीन. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात परीक्षा दिली तर पदवी हातात येते अडीच वर्षांनी, जूनमध्ये. नोकरी शोधायला उरले सहा महिने. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची तर एकाच वर्षाची असतात. मुदत संपण्याआधी ऑनलाइन फुकटात वाढवता येतात, पण ते मुलांच्या लक्षात राहत नाही आणि एकदा मुदत गेली की पेपर पुन्हा पहिल्यापासून. ताक उन्हाळ्यात प्यायचं असतं, तुम्ही डिसेंबरात घुसळून ठेवताय. परीक्षा द्यायचीच असेल तर शेवटच्या वर्षी, सातव्या सेमिस्टरनंतर.

मग कोणतं घ्यायचं? भाच्यालाही हाच प्रश्न होता. त्याचं उत्तर मी दिलं नाही, त्याच्याकडूनच काढून घेतलं. रविवारी त्याला पुन्हा बोलावलं आणि आम्ही सर्चमध्ये 'नागपूर' टाकून फ्रेशर्सच्या वीसेक जाहिराती उघडल्या. गायत्रीनगरचं आयटी पार्क, मिहान, जे दिसेल ते. वहीत तीन रकाने पाडले: काम काय, काय यायला पाहिजे, सर्टिफिकेट कोणतं मागतात. तिसरा रकाना बराचसा रिकामा राहिला. जिथे काही लिहिलं होतं तिथे पुढे 'असल्यास प्राधान्य' असं होतं. दुसरा रकाना मात्र पुन्हा पुन्हा त्याच शब्दांनी भरला: नेटवर्किंग बेसिक्स, लिनक्स बेसिक्स, फोनवर इंग्रजीत बोलणं, रात्रपाळीची तयारी. एका जाहिरातीवर त्याचं बोट थांबलं. नेटवर्क सपोर्ट, चोवीस तास चालणाऱ्या सेंटरमध्ये, कुठे लिंक पडली तर आधी कळतं ती जागा. म्हणाला, "मावशी, हे बरं वाटते. याच्यात नाइट असते काय?" असते म्हटलं. "मग चालते," म्हणाला. तीन वर्षांत त्याला कुणी हा प्रश्नच विचारला नव्हता.

हे झाल्यावर सर्टिफिकेटचं नाव आपोआप येतं. नेटवर्कला सीसीएनए. आताचा पेपर २००-३०१, २०२० च्या फेब्रुवारीपासून तोच कोड, १२० मिनिटं, फी ३०० डॉलर. रुपयात २५ हजारांच्या वर, कर वेगळा. म्हणून आधी सिस्कोचा पॅकेट ट्रेसर घ्यायचा. तो फुकट मिळतो, त्यात पन्नास राउटरांचं नेटवर्क घरच्या लॅपटॉपवर उभं करता येतं. एखादा व्हीलॅन, म्हणजे स्विचवर पाडलेला नेटवर्कचा वेगळा भाग, का बोलत नाही हे स्वतः शोधता यायला लागलं की मगच पैसे भरायचे.

लिनक्सकडे ओढा असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए, आणि या परीक्षेवर माझा विशेष लोभ आहे. तिच्यात पर्याय नसतात. समोर मशीन असतं आणि कामांची यादी: युजर तयार करा, डिस्कचा नवा भाग जोडा, सर्व्हिस चालू करा, अमुक फोल्डरला अशा परवानग्या द्या. ३०० पैकी २१० लागतात. तपासणी मशीन रीबूट करून होते. तुम्ही केलेलं काम रीबूटनंतर टिकलं नाही तर त्याचे गुण गेले. पुण्यात माझ्या एका सहकाऱ्यानं डिस्क छान जोडली होती, पण ती कायमची नोंदवायच्या फाइलमध्ये एक ओळ चुकली. मशीन परत वरच आलं नाही, आणि त्याच्याबरोबर अख्खा पेपर गेला. दुसऱ्यांदा पास झाला. आजतागायत सर्व्हरवर ती फाइल उघडताना तो दोनदा वाचतो. अशी परीक्षा माणसाला काहीतरी शिकवून सोडते.

क्लाउडची पहिली पायरी, म्हणजे एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-९००, ही शब्दओळखीची परीक्षा आहे. एडब्ल्यूएसवाली १०० डॉलरची, ६५ प्रश्न, ९० मिनिटं. ज्याला क्लाउड म्हणजे काय हेच माहीत नाही त्याला महिनाभराच्या अभ्यासाला निमित्त म्हणून ठीक. त्यावर क्लाउड इंजिनीअरची नोकरी लागेल असं मात्र पोस्टरवर छापू नका. काम त्याच्या पुढच्या पायरीला सुरू होतं, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट किंवा एझेड-१०४ ला, आणि तिथे पहिल्याच धड्यात सबनेट, म्हणजे नेटवर्कचा पाडलेला तुकडा, पुन्हा समोर येतो. क्लाउडमध्ये गेलं म्हणून नेटवर्किंग सुटत नाही.

सॉफ्टवेअर टेस्टिंगला आयएसटीक्यूबीची फाउंडेशन. ४० प्रश्न, ६० मिनिटं, ६५ टक्क्यांना पास, आणि मुदत नाही, आयुष्यभर चालते. इथे दुसऱ्या वर्षी दिली तरी वाया जात नाही. प्रोग्रॅमिंगला मी म्हणेन सर्टिफिकेट नकोच. शेजारची डेव्हलपमेंट टीम मुलाखतीत वही पुढे सरकवते आणि कोड लिहायला लावते, कागद कोणताही असो. हेल्पडेस्कसाठी कॉम्पटियाची ए प्लस जगभर नावाजलेली आहे, पण तिचे पेपर दोन, फी दोनदा, आणि आपल्या इकडच्या जाहिरातींत तिचं नाव क्वचित दिसतं. तिचा अभ्यासक्रम कॉम्पटियाच्या साइटवर फुकट आहे. तो छापून मुलांना वाटा, लॅबमध्ये एकेक मुद्दा करून घ्या. फी भरायची गरज नाही.

राहिली सायबर सिक्युरिटी, जी सगळे पोट्टे घेऊन राहिले. पोस्टरवर हुडी घातलेला माणूस असतो आणि हिरवी अक्षरं पडत असतात, त्यामुळे विकते छान. पण ज्याला चांगलं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा, कुठून कुठे जातं ते दिसत नाही त्याला वाईट पॅकेट कसं दिसणार? कॉम्पटियाच्याच सिक्युरिटी प्लस परीक्षेचं एवढं नाव कशामुळे झालं तेही सांगते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं आपल्या सिस्टिम सांभाळणाऱ्या माणसांसाठी मान्य केलेल्या सर्टिफिकेटांच्या यादीत ती आहे. तिथे तिच्याशिवाय काही कामं मिळतच नाहीत. वर्धा रोडवर ती अट नाही. आणि एका क्लासच्या पत्रकात मी फ्रेशर्ससाठी सीआयएसएसपी ही सिक्युरिटीतली वरच्या पातळीची परीक्षा पाहिली. तिला पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अनुभव नसताना पेपर पास केला तर मिळतं ते असोसिएट, पूर्ण सर्टिफिकेट अनुभव भरल्यावर. वीस वर्षांच्या पोराला ती विकणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

मुलाखतीत मी नेमकं काय बघते, असं मला कॉलेजात बोलावलं की विचारतात. माझा एक ठरलेला प्रश्न आहे: तुमच्या घरच्या वायफायला फोन जोडला की त्याला आयपी कोण देतं? गेल्या वर्षी भंडारा जिल्ह्यातला एक मुलगा आला होता, डिप्लोमावाला. बायोडेटात सर्टिफिकेट एकच, एमएस-सीआयटी. मी मनात म्हटलं, चला, पाच मिनिटांत संपेल. त्याला प्रश्न विचारला तर म्हणाला, "मॅडम, राउटरच देतो, पण दोन राउटर असले की भांडण होते." गावातल्या सेतू केंद्रावर तो बसायचा. तिथे नेट अर्ध्याच कॉम्प्युटरवर चालायचं, तेही कधी या अर्ध्यांवर, कधी त्या. कंपनीचा माणूस येऊन दोनदा राउटर बदलून गेला. यानं एकेका कॉम्प्युटरचा आयपी वहीत लिहिला, तर दोन वेगवेगळ्या मालिका निघाल्या. मागच्या खोलीत कुणीतरी सिग्नल वाढवायला जुना राउटर लावून ठेवला होता आणि तोही आपल्या परीनं आयपी वाटत होता. त्यानं त्या जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटायचं काम, बंद केलं. 'डीएचसीपी' हा शब्द मात्र तो 'डीएचपीसी' असा म्हणाला. आम्ही त्याला घेतलं. सीसीएनएची फी पुढे कंपनीनंच भरली, पहिल्या फटक्यात पास झाला.

त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाकडे पाच सर्टिफिकेटं होती. तारखा पाहिल्या तर तीन एकाच आठवड्यातल्या. तो मुलगा हुशार नव्हता असं मला अजिबात वाटत नाही. त्याला कुणी राउटरजवळ जाऊ दिलं नव्हतं, आणि ते कसं असतं हे मला धंतोलीपासून ठाऊक आहे.

म्हणून मूळ मागणीवर येते. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजनं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. मे महिना जवळ आलेला, चौथा मजला, लिफ्ट बंद. व्याख्यान झाल्यावर मी म्हटलं, मुलांना जरा लॅबमध्ये नेते, स्विचवर दाखवते. लॅब असिस्टंट म्हणाला, "चाबी एचओडी सरांकडे आहे जी, आणि सर आज सुटीवर." काचेतून आत पाहिलं. रॅकवर २४ पोर्टचे चार स्विच, व्यवस्थित, महागडे. त्यांच्या पुढच्या पट्टीवरचं कंपनीचं पारदर्शक प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं. मुलंही माझ्याबरोबर काचेला नाक लावून बघत होती. आमच्या क्लासातला राउटर निदान एकच होता.

त्या लॅबची चाबी मुलांच्या हातात द्या. संध्याकाळी साडेपाचला कुलूप लावण्याऐवजी आठपर्यंत उघडी ठेवा, वहीत नाव लिहून घ्या, एखादा स्विच बिघडला तर बिघडू द्या. भंगारात काढायचे पीसी काढू नका, त्यांवर लिनक्स चालतं. सर्टिफिकेटची सक्ती आणि त्यावरचे इंटर्नल गुण काढून टाका, आणि त्या २० गुणांत मुलानं स्वतः उभं केलेलं, मोडलेलं आणि दुरुस्त केलेलं काहीतरी मागा. बाहेरचं पॅकेज घ्यायचंच असेल तर नोटीसमध्ये चार गोष्टी छापा: परीक्षा घेणारी संस्था, पेपरचा कोड, मुदत, आणि परीक्षेची खरी फी किती व शिकवण्याची किती, वेगवेगळी. चौथी गोष्ट छापायला सांगितली की निम्मी पॅकेजं आपोआप परत जातील.

आणि झाशी राणी चौकापासून मुंजे चौकापर्यंत जी '१०० टक्के जॉब गॅरंटी'ची फलकं लागलेली असतात, ती मुलांना दाखवून सांगा की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. नोकरीची खोटी हमी त्यात बसते. तक्रारीला ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. हा नंबर प्लेसमेंट सेलच्या बोर्डावर लिहायला खडूशिवाय काही खर्च नाही. त्याच बोर्डावर असं पॅकेज विकणाऱ्याचं पोस्टर चिकटवलेलं असेल तर मात्र अवघड जाईल, हे खरं.

मला वेळ असतो दुसऱ्या शनिवारी. ज्या कॉलेजात लॅब उघडी मिळेल तिथे मी यायला तयार आहे, मानधन नको. केबलला टोकं मारायचं क्रिंपिंग टूल आणि टेस्टर माझं, केबल आणि कनेक्टर तुमचे. वीस मुलांना शंभर कनेक्टर लागतील, पहिले साठ वाया जातात. येताना कन्सोल केबल मी आणीनच, यूएसबीच्या कन्व्हर्टरसकट.

आपली,
मानेवाड्यातली एक नेटवर्क इंजिनीअर

ता. क. भाच्यानं त्या पाचांतलं एकही घेतलं नाही. फॉर्म कोराच परत दिला आणि मागे लिहिलं, 'मला सीसीएनए शेवटच्या वर्षी द्यायचं आहे.' त्याचे इंटर्नलचे २० गुण सध्या तुमच्यापैकी एकाच्या टेबलावर आहेत.